आधी पावले जुळवू, बोध नंतर



नववर्षाच्या उपासनेनंतर आम्ही स्वयंसेवकांनी चर्चच्या आवारात एक फलक लावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशी त्यावर होत्या : प्रौढांनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे झपझप चालण्यासारखी हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही पौलाची आठवणही खाली दिली.

पहिल्या शनिवारी उणकल तलावावर बरेच जण आले. महिनाभरात आम्ही तिघेच उरलो. मग न येणाऱ्यांना आम्ही रविवारी हटकू लागलो. एक आजी तर आम्हाला टाळून बाजूच्या दाराने जाऊ लागल्या. त्यांचे गुडघे दुखत होते आणि सर्वांच्या मागे रखडत चालायची त्यांना लाज वाटत होती. आम्ही मात्र त्यांना आळशी समजलो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचे सांगणे असे, की लाज किंवा धाक माणसाला उठवतो, पण फार दिवस चालवत नाही. निवड स्वतःची असावी, ‘मला हे जमते’ असे वाटावे आणि आपुलकीची सोबत असावी. मग प्रेरणा टिकते.

हे वाचताना लूककृत शुभवर्तमानातील अम्माऊसची वाट आठवली. यरुशलेमेहून सुमारे अकरा किलोमीटर. दोन खचलेले शिष्य चालले होते. प्रभू आधी त्यांच्या बरोबरीने चालू लागला, काय बोलत आहात म्हणून विचारले. बोध नंतर केला. आम्ही नेमके उलटे केले होते.

काहीजण म्हणतात, शारीरिक कसरतीचा लाभ थोडाच, असे पौलच तीमथ्याला लिहितो. खरे आहे, पण थोडा म्हणजे मुळीच नाही असे नव्हे.

आता फलक काढला आहे. आमच्यापैकी एक जण दर गुरुवारी आजींकडे जातो. पहिल्या दिवशी दोघे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. आता किराणा दुकानापर्यंत जातात. 150 मिनिटे भरत नाहीत. पण काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे, हेही त्याच शिफारशींत आहे.

या आठवड्यात एकाच घराचे दार ठोठवा. उपदेश नको, ‘चला, थोडे फिरून येऊ’ एवढेच म्हणा, आणि त्यांच्या चालीने चाला.

हे प्रभू, दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवायला आम्हाला शिकव. आमेन.