वालधुनीच्या काठावरची चित्रशाळा



एलिमेंटरीची परीक्षा जवळ आली की एक तक्रार हमखास ऐकू येते. "संकल्पचित्रात नवीन काय काढायचं? काही सुचतच नाही!" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची मुलं तर पुढे म्हणतात, "आमच्याकडे बघण्यासारखं आहे काय? कारखाने, गर्दी आणि लोकल!"

खरंच का? चला, बघू या.

अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचं शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हे साल आणि शिलाहार राजा मम्वाणी याचं नाव आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे गेले असतील. पण देवळाच्या भिंतीसमोर पाच मिनिटं कोण उभं राहिलं? हात वर करा पाहू!

ती भिंत सरळ जातच नाही. टप्प्याटप्प्याने पुढे येते, मागे जाते. त्यामुळे तिला कितीतरी कोपरे आहेत. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून उभं आहे. दुपार कलली की समोरून ऊन येतं आणि प्रत्येक कोपऱ्याशी सावलीची एक रेघ उमटते. रंगाचा एक थेंबही न वापरता नुसत्या उजेडाने काढलेलं हे चित्र! खाली हत्तींची रांग, वर देवदेवतांच्या मूर्ती. शिखराचा माथा आज जागेवर नाही. पण उरलेल्या भागावर छोट्या शिखरांच्या ओळी माळेतल्या मण्यांसारख्या रचलेल्या दिसतात. एकच आकार पुन्हा पुन्हा मांडून नक्षी कशी सजते, याचा हा धडाच की! संकल्पचित्र म्हणजे तरी दुसरं काय?

हा धडा पूर्वीही काही विद्यार्थ्यांनी गिरवला आहे. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी टेरी या शिक्षकांबरोबर इथे आले. त्यांनी देवळाची चित्रं काढली, कोरीवकामाचे साचे घेतले. पुढे १८७८ साली बोरीबंदरच्या भव्य स्टेशनाचं बांधकाम सुरू झालं. त्यावरच्या पानाफुलांच्या आणि प्राणी-पक्ष्यांच्या नक्षीकामात याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. म्हणजेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तुमची बदलापूर किंवा अंबरनाथ लोकल जिथे थांबते, तेच! आधी डोळे भरून पाहायचं, मग हाताने गिरवायचं, मग आपलं नवं घडवायचं. कलावंत असाच तयार होतो.

एकदा नजर तयार झाली की ती देवळापुरती राहत नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पलंगाच्या लाकडावरची वेल दिसू लागते. दुकानाच्या पाटीवरच्या अक्षराचा डौल दिसू लागतो. ती वेल, ते अक्षर कुणीतरी विचार करून काढलेलं असतं.

मग या रविवारी काय करायचं? आई-बाबांना किंवा ताई-दादाला घेऊन देवळाशी जा. एकच कोपरा निवडा आणि अर्धा तास नुसती पेन्सिल चालवा. खोडरबर घरी ठेवा! मात्र मूर्तींना हात लावायचा नाही, भिंतीवर खडू ओढायचा नाही आणि कागद दाबून ठसाही घ्यायचा नाही. साडेनऊशेहून अधिक वर्षांच्या उन्हापावसाने इथले काही चेहरे आधीच पुसट झाले आहेत. शेजारच्या वालधुनीचं पाणी तर कारखान्यांच्या आणि गटारांच्या घाणीने काळवंडलं आहे. या गोष्टी तुमच्या नजरेतून सुटू देऊ नका. चित्रात नदी काढाल ना, तेव्हा ती आज दिसते तशीच काढा.

आणि पालकहो, मुलाने अर्ध्या तासात एकच हत्ती काढला, तर "एवढंच?" असं म्हणू नका. त्याने तो हत्ती खरोखर पाहिला आहे.

तर मग, वही-पेन्सिल तयार? पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात!