शेवटच्या नंबराचं बक्षीस

शाळेत आपण बक्षीस देतो ते पहिल्या नंबराला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, सगळ्यात मोठं बक्षीस शेवटच्या नंबराकडे जातं. वर्षभर सगळ्यांकडून मार खाल्लेल्या संघाला नव्याने येणाऱ्या पोरांमधून आधी निवड करण्याची संधी मिळते. या निवडीला तिथे ड्राफ्ट म्हणतात आणि निवडीच्या प्रत्येक नंबराला पिक. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. मोडकळीला आलेला संघ पुन्हा उभा करायला पिक मोलाचं आहे यात वादच नाही. पण मुद्दाम हरून मिळवलेलं पिक वेगळं आणि दुसऱ्याच्या घाईमुळे आपल्या पदरात पडलेलं पिक वेगळं. पहिलं फार महाग पडतं.

ही बाई बास्केटबॉलवर कुठून लिहायला लागली, असं वाटलं असेल. लेक सॅक्रामेंटोला असते, नातू तिथल्या किंग्ज संघाचा भक्त आहे, आणि त्याच्याबरोबर बसून मी जितके सामने पाहिले त्यातले बहुतेक किंग्ज हरलेले आहेत. बाकी तुम्ही समजून घ्या.

आपल्याकडे 2008 साली आयपीएल आली ती लिलाव घेऊनच आली. ज्याच्या पिशवीत पैसा त्याचा खेळाडू. एनबीएमध्ये नव्या मुलांचा लिलाव होत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ज्या संघाने पुकारलं तिथे त्याने जायचं. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाचा पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, करार साधारण चार वर्षांचा. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते, त्यामुळे अव्वल खेळाडू चार वर्षं स्वस्तात मिळाला तर उरलेल्या पैशात चार चांगले गडी आणखी घेता येतात. पिकची खरी किंमत इथे आहे. नुसता गुणी मुलगा मिळतो एवढंच नाही, तो स्वस्तात मिळतो.

आणि गंमत म्हणजे हे पिक विकता येतं. पुढच्या वर्षाचं, त्याच्या पुढच्या वर्षाचं, पाच-सहा वर्षांनंतरचंसुद्धा. जो मुलगा आज सातवीत शिकतोय त्याच्यावरचा हक्क आज विकायचा! पिक म्हणा की पीक म्हणा, कोकणात मोहोरावर आंब्याची बाग देतात तसाच हा व्यवहार. पैसे आज हातात, पुढे फळ धरलं तर व्यापाऱ्याचं, गळलं तरी व्यापाऱ्याचंच. शहाणे लोक अट घालून ठेवतात, की नंबर पहिल्या चारात आला तर तो आमच्याकडेच राहील, त्याच्या खाली गेला तरच तुमचा. 1980 च्या सुमारास क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिकं अशी काही वाटली की लीगला शेवटी नियमच करावा लागला. लागोपाठच्या दोन वर्षांची पहिल्या फेरीची पुढची पिकं विकून मोकळं होता येणार नाही. त्या नियमाला आजही त्यांचंच नाव आहे. (माणसाचं नाव कशाने राहील सांगता येत नाही.) क्लीव्हलँडने दिलेल्या एका पिकमुळे 1982 साली लॉस एंजेलिस लेकर्सना विजेते असताना पहिली निवड मिळाली आणि त्यांनी जेम्स वर्दीला घेतलं.

आता मुद्दाम हरण्याबद्दल. याला तिथे टँकिंग म्हणतात. शेवटच्याला बक्षीस म्हटल्यावर कोणीतरी शेवटचा यायची धडपड करणारच. ह्यूस्टनला 1983 आणि 1984 अशी लागोपाठ दोन वर्षं पहिली निवड मिळाली. 1984 मध्ये ते शेवटी शेवटी मुद्दाम हरले असा बभ्रा झाला, आणि 1985 पासून लीगने सोडत काढायला सुरुवात केली. नंतर सोडतीतही शेवटच्या संघाला जास्त चिठ्ठ्या देण्याची पद्धत आली.

या सगळ्याचा कळस फिलाडेल्फियाने केला. 2013 साली सॅम हिंकी नावाचे गृहस्थ कारभारी म्हणून आले. माणूस अत्यंत हुशार, आकडेमोडीत वाघ. त्यांचा हिशोब साफ होता. मधल्या नंबरावर राहून काही होत नाही, विजेता व्हायचं तर असामान्य खेळाडू हवा, असामान्य खेळाडू वरच्या पिकमध्ये मिळतो, सबब हरा. पहिल्या मोसमात 82 पैकी 19 सामने जिंकले, दुसऱ्यात 18, तिसऱ्यात 10. तीन वर्षांत 246 सामने आणि विजय 47! एप्रिल 2016 मध्ये तेरा पानी पत्र लिहून हिंकी पायउतार झाले. पत्र तेरा पानी, म्हणजे गृहस्थ शिक्षक व्हायच्या लायकीचे होते.

मिळालं काय? 2014 आणि 2015 ला तिसरा नंबर, 2016 ला पहिला, 2017 ला अदलाबदल करून पुन्हा पहिला. यातला 2014 चा जोएल एम्बीड खरोखर असामान्य निघाला. दुखापतीमुळे पहिली दोन वर्षं तो एकही सामना खेळला नाही, पण पुढे 2023 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2015 चा जहलिल ओकाफोर दोन-अडीच वर्षांत दुसरीकडे गेला. 2017 चा मार्केल फुल्ट्झ पहिल्या वर्षी जेमतेम 14 सामने खेळू शकला. चार वर्षांत चार वेळा पहिल्या तिनात नंबर येऊनही 2025 पर्यंत हा संघ पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंतसुद्धा पोचला नाही. हिंकींचे चाहते म्हणतात, दुखापती झाल्या, नशीब वाईट. असेलही. पण माझा आक्षेप नशिबावर नाही.

मी आयुष्यभर शिकवलं. शाळेत एक 'ड' तुकडी असते, ठाऊक आहे ना? त्या वर्गातली मुलं ढ नसतात. पण सलग तीन वर्षं त्यांना शिक्षकखोलीतून, व्हरांड्यातून, शिपायाच्या नजरेतून कळत राहतं, की तुमच्याकडून आमची काही अपेक्षा नाही. मग चौथ्या वर्षी तुम्ही कितीही चांगला शिक्षक आणून बसवा, आधीची तीन वर्षं धुऊन निघत नाहीत. एकोणीस वर्षांचा मुलगा अशा संघात येतो, जिथे त्याला शिकवेल असा वडीलधारा खेळाडू ठेवलेलाच नाही (कारण वडीलधारे जिंकून देतात!), आणि सामना हरल्यावर वरच्या मजल्यावर कोणाला वाईट वाटत नाही. तो काय शिकणार? हे नुकसान आकड्यांत दिसत नाही, म्हणून हिशोबात धरलं जात नाही.

2019 साली लीगने सोडतीचे नियम बदलले. तोवर शेवटच्या संघाला पहिला नंबर मिळण्याची शक्यता 25 टक्के असायची, ती तळाच्या तिन्ही संघांना सारखी 14 टक्के केली. शेवटचा आलेला संघ पाचव्या नंबरापर्यंत घसरू शकतो अशी सोय झाली. डेट्रॉइटच्या बाबतीत 2023 आणि 2024 अशी दोन वर्षं नेमकं हेच झालं. आणि 2025 मध्ये डॅलसला 1.8 टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला, कूपर फ्लॅग मिळाला. इतकं हरून सोडतीचं तिकीट घ्यायचं, तर ते तिकीट तरी धड असावं की नाही?

याउलट बॉस्टन बघा. जुलै 2013. बॉस्टनकडे केव्हिन गार्नेट 37 वर्षांचा, पॉल पिअर्स 35 चा. दोघं गावाची दैवतं, 2008 चं विजेतेपद त्यांच्यामुळे आलेलं. ब्रुकलिन नेट्सला लगेच जिंकायचं होतं. बॉस्टनने दोघांना (आणि जेसन टेरीला) देऊन टाकलं आणि बदल्यात 2014, 2016 आणि 2018 ची पहिल्या फेरीची पिकं, शिवाय 2017 ला नंबर बदलून घेण्याचा हक्क मिळवला. लोक हळहळले असतील. पिअर्स वर्षभरात ब्रुकलिन सोडून गेला, गार्नेट दीड वर्षात. ब्रुकलिन गाळात रुतत गेलं आणि त्यांच्या प्रत्येक पराभवाचं फळ बॉस्टनच्या ताटात. 2016 मध्ये तिसऱ्या नंबरावर जेलन ब्राऊन. 2017 मध्ये तर स्वतः पूर्व विभागात पहिले असताना लीगचा पहिला नंबर! तो त्यांनी फिलाडेल्फियाला दिला, स्वतः तिसऱ्यावर सरकले, वर आणखी एक पिक घेतलं, आणि त्यांना हवा होता तोच जेसन टेटम घेतला. वर सांगितलेला फुल्ट्झ गेला तो असा. 2024 मध्ये ब्राऊन आणि टेटम यांच्या जोरावर बॉस्टन विजेते झाले. मधल्या काळात मुद्दाम हरावं लागलं नाही. वर्गात नेहमी जिंकण्याचीच भाषा चालू होती आणि नवी मुलं त्या वर्गात येऊन बसली.

ओक्लाहोमा सिटीचंही तसंच. 2019 मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून त्यांनी पाच पहिल्या फेरीची पिकं, दोन अदलाबदलीचे हक्क आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक तरुण घेतला. शे स्वतः 2018 चा अकरावा नंबर. त्या पाचांतल्या एका पिकमधून 2022 ला बाराव्या नंबरावर जेलन विल्यम्स मिळाला. न्यायाने बोलायचं तर हे लोकही दोन मोसम भरपूर हरले. डिसेंबर 2021 मध्ये मेम्फिसकडून 73 गुणांनी हरले, लीगच्या इतिहासातला तो सर्वात मोठा फरक. त्या हरण्यातूनच त्यांना 2022 चा दुसरा नंबर, चेट होल्मग्रेन, मिळाला. पण त्यांनी शेला विकलं नाही, प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट 2020 पासून तेच ठेवले, आणि तिसऱ्या मोसमात 40 सामने जिंकले. 2025 मध्ये 68 विजय आणि विजेतेपद. मला त्यांचा सगळ्यात आवडलेला व्यवहार कोणता सांगू? 2021 चा सहावा नंबर असलेला जॉश गिडी देऊन त्यांनी 2024 मध्ये ॲलेक्स करुसोला घेतलं. करुसोला 2016 च्या ड्राफ्टमध्ये कोणीच पुकारलं नव्हतं.

नंबराचं हे असं आहे. जानिस अँटेटोकूंपो 2013 चा पंधरावा, ड्रेमंड ग्रीन 2012 चा पस्तिसावा, निकोला योकिच 2014 चा एक्केचाळिसावा. योकिचचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती.

आता आमच्या घरच्या दुखण्याकडे येते. सॅक्रामेंटो किंग्ज 2006 नंतर थेट 2023 मध्ये प्लेऑफ म्हणजे बाद फेरीत गेले. मध्ये सोळा मोसम कोरडे. लीगमध्ये इतकी वर्षं कोणीच बाहेर राहिलं नव्हतं. म्हणजे पिकं भरपूर मिळाली! 2009 ला चौथ्या नंबरावर टायरीक एव्हान्स घेतला, स्टेफ करी सातव्यावर गेला. 2012 ला पाचव्यावर थॉमस रॉबिन्सन, सहाव्यावर डेमियन लिलार्ड. 2018 ला दुसऱ्या नंबरावर मार्विन बॅग्ली, आणि लुका डॉन्चिच तिसऱ्यावर गेला. डॉन्चिच तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि रिआल माद्रिदकडून युरोपचं विजेतेपद जिंकून आलेला. त्याचा पेपर तपासायची गरजच नव्हती, उत्तरपत्रिका भिंतीवर लावलेली होती. 2020 ला बाराव्यावर टायरीस हॅलिबर्टन अगदी अचूक निवडला, तो 2022 मध्ये इंडियानाला दिला, आणि 2025 मध्ये त्याने इंडियानाला अंतिम फेरीत नेलं.

संघ 2013 पासून विवेक रणदिवे यांच्याकडे आला. जन्म मुंबईचा, नाव आपलं, त्यामुळे मला जरा जास्तच माया. माया आहे म्हणूनच रागही येतो.

नातू फोनवर म्हणाला, "आजी, यंदा हरलेलंच बरं गं. वरचा नंबर तरी लागेल." मी त्याला डेट्रॉइटचं विचारलं. 2023-24 मध्ये 14 विजय, 68 पराभव, त्यात लागोपाठ 28. नंबर लागला पाचवा. पुढच्याच मोसमात 44 विजय आणि प्लेऑफ. पाचव्या नंबराच्या पोराने एकट्याने एवढं केलं का? नाही. नवे प्रशिक्षक जे. बी. बिकरस्टाफ आणले, टोबायस हॅरिससारखे तिशी ओलांडलेले खेळाडू आणले, आणि केड कनिंगहॅम, जो 2021 चा पहिला नंबर तिथेच पडून होता, तो अचानक दिसायला लागला.

"मग किंग्जनी काय करायचं?" तो म्हणाला. मी म्हटलं, बाळा, आधी मला 2013 पासूनचे प्रशिक्षक सांग. त्याने आम्ही लहानपणी पेशवे म्हणायचो तशा सुरात सांगितले: मलोन, कॉर्बिन, कार्ल, येगर, वॉल्टन, जेंट्री, ब्राऊन, ख्रिस्टी. 2025 पर्यंत आठ. मलोनना डिसेंबर 2014 मध्ये काढलं, ते डेन्व्हरला गेले, आणि 2023 मध्ये त्याच एक्केचाळिसाव्या नंबराच्या योकिचला घेऊन विजेते झाले. ब्राऊन 2023 चे सर्वोत्तम प्रशिक्षक, त्यांना डिसेंबर 2024 मध्ये काढलं. नातू थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पण आजी, पहिला नंबर लागला तर?" मी म्हटलं, लागला तर त्याला शिकवायला कोण असणार आहे, ते आधी विचार.