मापयंत्राची वायर बोलेना, तेव्हा



कोलशेतला क्लॅरियंटचा कारखाना होता, त्या जागेवर आता टॉवर उभे आहेत. टॉवर कोणाचाही असो, आधी जमिनीची मोजणी होते. त्या मोजणीच्या पार्टीत आपली पोरं असतात. तिपाई खांद्यावर, प्रिझमची काठी हातात, दिवसभर उन्हात. संध्याकाळी टोटल स्टेशन संगणकाला जोडले की दिवसभराचे आकडे उतरायला हवेत. ते उतरले नाहीत तर पहिला ठपका बहुधा हेल्परवरच येतो. "वायर यानेच ओढली असेल!" ज्याला वायरीचे गणित ठाऊक आहे त्याच्यावर हा ठपका टिकत नाही. म्हणून आजचा विषय हा.

नव्या यंत्रांत पेनड्राईव्ह किंवा ब्लूटूथ असते. जुन्या यंत्राला मात्र वायरच लागते. तिचे एक टोक यंत्रात जाते, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा प्लग असतो. ही सिरियल जोडणी. तिचा आरएस-२३२ हा दंडक १९६० सालचा आहे, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठा. आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचे तोंड नसते, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. माझ्या मते निम्मी भानगड इथेच होते.

संगणकात 'डिव्हाईस मॅनेजर' उघडा आणि 'पोर्ट्स' खाली पाहा. कन्व्हर्टरच्या नावापुढे कॉम ३, कॉम ५ असा क्रमांक दिसेल. पिवळी खूण असेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये पुष्कळदा प्रॉलिफिक कंपनीची जुनी किंवा नकली चिप असते. कंपनीचा नवा ड्रायव्हर तिला नाकारतो आणि 'कोड १०' दाखवतो. तिथे वायर बदलून काही उपयोग नाही. कन्व्हर्टर यूएसबीच्या दुसऱ्या भोकात लावला तर कॉम क्रमांकही बदलू शकतो. काल चाललेले आज अडते ते कित्येकदा एवढ्यासाठीच. सॉफ्टवेअरमध्ये तोच क्रमांक निवडला आहे ना, हे आधी पाहावे.

आता एक हुकमी चाचणी. यंत्र बाजूला ठेवा. कन्व्हर्टरच्या प्लगवर बारीक आकडे असतात. त्यातल्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा. संगणकाकडून पाहिले तर २ नंबर ऐकतो, ३ नंबर बोलतो आणि ५ नंबर जमिनीचा. 'पुटी' नावाचा फुकट प्रोग्राम उघडा, 'सिरियल' निवडा, कॉम क्रमांक घाला आणि काही अक्षरे दाबा. ती पडद्यावर उमटली आणि तार काढल्यावर उमटायची थांबली, तर संगणक व कन्व्हर्टर ठीक आहेत. दोष पुढे, वायरीत किंवा यंत्राच्या सेटिंगमध्ये. पाच मिनिटांत अर्धा तपास संपतो आणि कोणावर उगाच आळ येत नाही.

वायर त्याच यंत्राची हवी. प्लग बसला म्हणजे आतली जोडणी बरोबर आहे असे नाही.

सेटिंग चार: बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट. यंत्रात आणि संगणकात चारही सारखे हवेत. पडद्यावर भलतीसलती चिन्हे येत असतील तर वायर चांगली आहे, वेग किंवा पॅरिटी जुळत नाही. काहीच येत नसेल तर वायर किंवा कॉम क्रमांक तपासा. मधल्याच ओळी गळत असतील तर 'फ्लो कंट्रोल' पाहा किंवा दोन्हीकडे वेग कमी करा. आधी संगणक घ्यायला तयार ठेवायचा, मगच यंत्रावर पाठवायचे बटण दाबायचे.

घाईही नको. १२०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १२० अक्षरे जातात. पाचशे बिंदू, प्रत्येकी चाळीस अक्षरे धरली तर पावणेतीन मिनिटे लागतात. "अडकलं" म्हणून मधेच वायर उपसली की खरोखर अडकते! आणि फाईल उघडून पहिला व शेवटचा बिंदू वहीशी ताडून पाहिल्याखेरीज यंत्राची मेमरी पुसू देऊ नका. साहेबांनी सांगितले तरी नम्रपणे एकदा विचारा. पुसलेला दिवस परत मोजावा लागतो, आणि उन्हात पुन्हा काठी धरून तुम्हीच उभे राहता.

गावची शीव दाखवणे हे आपल्या वाडवडिलांकडे वतनाचे काम होते. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानत, पण त्याला मोबदला मात्र तुटपुंजा. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. आज शीव आकड्यांत असते, आणि ते आकडे ज्याच्या हातात त्याला पगार चांगला. नुसती काठी धरून तिथे पोहोचता येत नाही. आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावी झालेल्यांना तो घेता येतो. मुलींनीही चौकशी करावी, यंत्र काही मुलगा-मुलगी पाहत नाही.

तोवर एक करा. तुमच्या पार्टीतल्या यंत्राचे मॉडेल आणि चालू असलेली चार सेटिंग्ज एका चिठ्ठीवर लिहा, आणि ती चिठ्ठी यंत्राच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाका.