पाच लाखांचं कवच आणि घरातली बाई

मैत्रिणींनो, विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की आपण बातम्या लावतो, पण गोंधळ, सभात्याग, घोषणा असं काहीबाही दिसलं की चॅनेल बदलतो. मात्र या गोंधळात एक विषय असतो तो थेट आपल्या घराचा. गरिबांच्या आजारपणाचा खर्च सरकारने कसा आणि किती उचलायचा, हा तो विषय. गेल्या दहा-बारा वर्षांत या योजनेत इतक्या वेळा फेरफार झाले, की आपल्याला नक्की काय मिळतं हे पुष्कळजणींना माहीतच नसतं.

थोडं मागे जाऊया. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ती सगळ्या महाराष्ट्रात आली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. २०१७ मध्ये नाव बदलून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्हींची मोट बांधली गेली. २०२३ मध्ये सरकारने निर्णय घेतला, की संरक्षण पाच लाखांचं करायचं आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही त्यात घ्यायचं. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आलं. उपचारांची संख्या १३५६ झाली. २०२५ मध्ये ही यादी दोन हजारांच्या वर नेण्याचंही ठरलं.

कागदावर हे सगळं चांगलंच आहे, नाही कोण म्हणेल? हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस यासाठी पूर्वी शेत विकावं लागायचं, मंगळसूत्र गहाण पडायचं. ती वेळ या योजनेमुळे अनेक घरांवर आली नाही. बचत गटाच्या कामात हे मी जवळून पाहते.

पण आता बाईच्या बाजूने बघूया. आपल्याकडे बाई शेवटी जेवते आणि शेवटीच दवाखान्यात जाते. आधी केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, २००८ ची. तिच्यात तीस हजारांचं संरक्षण आणि एका कुटुंबातली फक्त पाच माणसं. मग सहावं नाव कुणाचं कापलं जाणार? सासूबाईंचं, नाहीतर लेकीचं. आताच्या योजनांत माणसांची मर्यादा नाही. बायकांच्या दृष्टीने ही सुधारणा पाच लाखांच्या आकड्याहून मोठी आहे, पण तिची जाहिरात कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट. ही योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरची. आपल्या बायकांचे रोजचे आजार कोणते? अंगात रक्त कमी, बीपी, शुगर, थायरॉइड, गुडघे, पांढरं जाणं. यात भरती व्हावं लागत नाही, पण महिन्याच्या महिन्याला औषधांना पैसे लागतात. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, पण तिथे गोळ्या शिल्लक असल्या तर! नसल्या की चिठ्ठी घेऊन मेडिकलची पायरी चढायची. ज्या बाईची बीपीची गोळी चुकते, तीच पुढे अर्धांगवायू होऊन योजनेत भरती होते. म्हणजे गोळीचे पैसे वाचवायचे आणि ऑपरेशनला लाख मोजायचे. हा कुठला हिशोब?

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत कामाचा खाडा परवडत नाही, मुकादमाची उचल फेडायची असते, आणि डॉक्टर सांगतो, ‘पिशवी खराब आहे, काढून टाका.’ छत्तीसगडमध्ये २०१२ च्या सुमारास असंच झालं. तिथे पैसे मात्र सरकारी विम्याच्या कार्डातून गेले, अशा तक्रारी आल्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

बघा, बीडची बाई उचल घेऊन पैसे भरते आणि छत्तीसगडच्या बाईचे पैसे सरकार भरतं, पण पिशवी दोघींचीही जाते. म्हणजे पैसे कोण भरतंय एवढंच बघून चालत नाही. उपचार गरजेचा होता का, हे तपासणारं कुणी हवं. विमा नुसता वाढवला आणि तपासणी तेवढीच ठेवली, तर फायदा कुणाचा होईल हे सांगायला नको.

तपासणीची अवस्था काय आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापालांचा आयुष्मान योजनेवरचा अहवाल संसदेत आला. देशभरातले जवळजवळ साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरवर नोंदलेले होते. नंबर कोणता, तर दहा वेळा नऊ! आपल्या गटाच्या वहीत शंभर रुपयांचा फरक आला तर आपण रात्री जागतो.

म्हणून पुढच्या वेळी आमदार या योजनेवर बोलतील तेव्हा त्यांनी आकड्यापुढेही जावं. तालुक्याच्या गावात योजनेतलं एक तरी रुग्णालय आहे का, की बाईला जिल्ह्यालाच जावं लागतं? गर्भाशयाच्या प्रत्येक ऑपरेशनची दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी होते का? रुग्णालयांची बिलं वेळेवर भागतात का? कारण ती थकली की ‘योजनेचा बेड नाही’ हे उत्तर आपल्याला मिळतं.

आणि आपणही थोडं करूया. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं एकसारखी करून घ्या. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कार्डात चढवा. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचं वेगळं कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही. रुग्णालयात गेलात की पहिल्यांदा आरोग्यमित्राला शोधा. ‘हे औषध योजनेत नाही, बाहेरून आणा’ म्हटलं तर लिहून मागा. पैसे घेतले तर पावती मागा आणि १५५३८८ वर फोन लावा. पिशवी काढायला सांगितली तर घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आमदार मतं मागायला दारात येतात तेव्हा आपण रस्ता, पाणी, गटार याबद्दल बोलतो. यापुढे विचारूया, ‘साहेब, आमच्या दवाखान्यात बीपीची गोळी कधी येणार?’