स्कॅनर नकार देतो तेव्हा



डार्मश्टाट हे औषधांचे गाव. मेर्क घराण्याने १६६८ साली इथले एक औषधांचे दुकान घेतले, त्याचा पुढे जगभर पसरलेला उद्योग झाला. कारखान्यातून निघालेल्या गोळीवर किती तपासण्या झालेल्या असतात, हे मी संशोधक म्हणून जाणतो. शेवटची तपासणी मात्र वॉर्डात होते आणि ती परिचारिका करते. अनेक जर्मन रुग्णालयांत अजूनही सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा चार कप्प्यांच्या डबीत गोळ्या हातानेच भरल्या जातात.

जर्मनीच्या केंद्र सरकारने २०२० च्या कायद्याने रुग्णालयांच्या संगणकीकरणासाठी ३ अब्ज युरो ठेवले. औषध-व्यवस्थापन हे त्यातले एक काम. त्यातली एक पद्धत बारकोडची: रुग्णाची मनगटपट्टी आणि औषध दोन्ही स्कॅन करायचे, जुळले तरच द्यायचे. पद्धत चांगली आहे. बॉस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स रुग्णालयातील २०१० च्या पाहणीत, वेळेच्या चुका वगळता, औषध देण्यातील चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ वर आल्या. मुळात कल्पनाच एका परिचारिकेची. कॅन्ससमधील टोपीकाच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या सू किनिक यांना ती सुचली, भाड्याची मोटार परत करताना.

मग परिचारिका नाखूष का? ‘सवय नाही, आणखी एक प्रशिक्षण ठेवू’ हे ठरलेले उत्तर. (मलाही ते एके काळी पटत असे.) रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पाच अमेरिकन रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. पळवाटांचे १५ प्रकार सापडले, पण कारणे ३१! भिजलेली किंवा चघळलेली पट्टी, फाटलेला बारकोड, संपलेली बॅटरी, तुटणारी वायरलेस जोडणी. मग पट्टीची जादा प्रत औषधांच्या गाडीवर किंवा दाराच्या चौकटीवर चिकटते आणि तीच स्कॅन होते. पडद्यावर सारे ठीक, रुग्ण मात्र तपासलाच गेलेला नाही. नोंदवलेल्या औषधांपैकी १०.३ टक्के वेळा इशारा डावलला गेला होता. प्रयोगशाळेत उपकरण दर दहाव्या खेपेला अडले, तर आम्ही आधी उपकरण उघडतो.

आपला संबंध असा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. उद्या बीडची किंवा सांगलीची मुलगी नव्या भाषेत, नव्या वॉर्डात उभी असेल, स्कॅनर नकार देईल, आणि इशारा डावलल्याची नोंद तिच्या नावावर पडेल. पट्टी भिजली होती हे जर्मनमध्ये ठणकावून सांगणे पहिल्या वर्षी कितीजणींना जमेल?

कायद्याचा आधार आहे. कर्मचाऱ्यांवर देखरेख करू शकणारे तंत्र बसवताना त्यांच्या निवडून दिलेल्या मंडळाला, म्हणजे बेट्रीब्सराटला, निर्णयात वाटा मिळतो. (धर्मसंस्थांच्या रुग्णालयांचे नियम निराळे.) पण हे तिला सांगणार कोण?

आपल्यातले काहीजण अशा प्रणाली लिहितात, काही त्यांच्या खरेदीच्या बैठकीत बसतात. प्रात्यक्षिक बहुधा भर दुपारी सभागृहात, कोरड्या पट्टीवर होते. त्यांच्याकडे दोन मागण्या आहेत. डावललेल्या इशाऱ्यांचा हिशेब माणसागणिक नव्हे, कारणागणिक काढा. आणि खरेदीच्या सहीआधी प्रणाली रात्रपाळीच्या परिचारिकांना काही आठवडे वापरू द्या. त्या नको म्हणाल्या तर सही थांबवा.

– संपादक मंडळासाठी, डार्मश्टाट