उघड्यावरचे मद्यपान : दंड वाढला, हद्द मात्र अस्पष्टच

कळंगुट किंवा बागा येथील किनाऱ्यावर हंगामाच्या दिवसांत सायंकाळी फेरफटका मारणाऱ्याला एक विसंगती सहज दिसते. शॅकच्या छपराखाली टेबलाशी बसून बिअर पिणारा पर्यटक कायद्याच्या चौकटीत असतो. त्याच वाळूवर, दहा पावलांपलीकडे, दुकानातून आणलेली तीच बिअर उघडून बसलेला दुसरा पर्यटक मात्र हजारो रुपयांच्या दंडास पात्र ठरतो. पेय एकच आणि वाळूही एकच; फरक आहे तो परवाना दिलेल्या जागेचा. उघड्यावरील मद्यपानाविषयी गोव्यात गेल्या दहा वर्षांत झालेली कायदेरचना या फरकावर उभी आहे. हा फरक सामान्य माणसाला कळावा, यासाठी मात्र फारसे काही झालेले नाही.

मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीचा विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापली वाट निवडली. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, बिहारने ती २०१६ मध्ये आणली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही अस्तित्वात असून तेथे मद्य पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर विक्रीलाच मनाई आहे. गोव्याने मुक्तीनंतर १९६४ मध्ये जो अबकारी कायदा केला, त्याचा रोख बंदीवर नव्हता. मद्याची निर्मिती, विक्री आणि त्यावरील कर यांचे नियमन करणे हा त्याचा हेतू होता. मद्य कोणी, कोठे बसून प्यावे, हा प्रश्न बहुतांशी समाजाच्या मर्यादेवर सोपवण्यात आला.

त्या काळी ते चालण्यासारखे होते. काजूच्या हंगामात भट्टी लावणारा, फेणी विकणारा आणि ती पिणारा हे बहुधा एकाच गावचे असत. तावेर्नाचा मालक गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखत असे आणि कोणाला कोठे थांबवावे, हेही त्याला ठाऊक असे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच परंपरेचे फळ होय. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार १४ लाख ५८ हजार लोकसंख्या असलेल्या या राज्यात आता वर्षाला सुमारे एक कोटी पर्यटक येतात. ओळखीच्या गावातील संकोच अनोळखी गर्दीला लागू पडत नाही. समाजाच्या मर्यादेने जे साधत होते, ते कायद्याने साधण्याची वेळ आली ती यामुळे.

दंडाची चढती कमान

पहिले पाऊल २०१६ मध्ये पडले. अबकारी कायद्यात दुरुस्ती करून ठराविक सार्वजनिक जागा ‘मद्यपान निषिद्ध क्षेत्र’ म्हणून अधिसूचित करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सार्वजनिक ठिकाणच्या मद्यपानावर लवकरच बंदी घालण्याची घोषणा केली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये विधानसभेने पर्यटन स्थळे संरक्षण व देखभाल कायदा, २००१ यात दुरुस्ती केली. उघड्यावर मद्यपान करणे, स्वयंपाक करणे, बाटल्या फोडणे यांसाठी एकट्या व्यक्तीला २ हजार आणि गटाला १० हजार रुपये दंड ठरला. तो न भरल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद झाली.

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस पर्यटन खात्याने आदेश काढून ही रक्कम ५ हजार ते ५० हजारांवर नेली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात पुन्हा दुरुस्ती झाली आणि पर्यटन स्थळी उपद्रव करणाऱ्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये झाली. या उपद्रवांच्या यादीत उघड्यावरील मद्यपान आणि काचेच्या बाटल्या फोडणे यांचा समावेश आहे.

सहा-सात वर्षांत दंड इतक्या वेळा वाढवावा लागतो, याचा अर्थ आधीच्या दंडाने काम झाले नाही, असाच घ्यावा लागेल. परंतु काम का झाले नाही, याची उकल रक्कम वाढवून होत नाही. शिक्षा किती कठोर आहे, यापेक्षा ती होण्याची शक्यता किती, हे पाहून माणूस वागतो. ५ हजारांचा दंड होण्याची भीती ज्याला वाटत नाही, त्याला १ लाखाचीही वाटणार नाही.

कोठून कोठपर्यंत?

पहिली अडचण हद्दीची आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत, आणि २० हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या भागात २२० मीटरच्या आत मद्यविक्री बंद करावी लागली. चिंचोळ्या गोव्यातील व्यावसायिकांना त्याचा मोठा फटका बसला आणि पुढे न्यायालयाने नगरपालिका क्षेत्रांपुरती सवलतही दिली. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात, पण आपण रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे दुकानदाराला फीत लावून मोजता येत होते. उघड्यावर पिणाऱ्याच्या बाबतीत अशी रेषा दिसत नाही. वाळूवर मनाई आहे, मग किनाऱ्याच्या वाहनतळावर उभ्या केलेल्या गाडीत? किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पंचायतीच्या वाटेवर? नदीच्या धक्क्यावर? प्रत्येक ठिकाणी फलक असेल तर उत्तर मिळते. नसेल तर दंड करणाऱ्याच्या मर्जीवर सारे अवलंबून राहते आणि तेथेच तडजोडीला वाव मिळतो.

हद्दीचा दुसरा पैलू स्थानिकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. २००१ चा कायदा नावाप्रमाणेच पर्यटन स्थळांसाठी आहे. परंतु उघड्यावरील मद्यपानाचा जाच केवळ किनारपट्टीला नाही. डिचोली, सांगे, काणकोण येथील एखाद्या गावाचे क्रीडांगण, शाळेमागची मोकळी जागा, शेताचा बांध, ओहळाचा काठ या जागा पर्यटनाच्या नकाशावर नाहीत. सकाळी मैदानावर खेळायला आलेल्या मुलांना आधी काचा वेचाव्या लागतात, तेव्हा त्यांच्या मदतीला पर्यटन खाते येत नाही. अशा जागांसाठी अबकारी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीचा मार्ग उपलब्ध आहे. पण राज्यातील १९१ ग्रामपंचायतींपैकी प्रत्येकीने आपल्या गावातील कोणत्या जागा निषिद्ध ठराव्यात याची यादी करून ती सरकारकडे पाठवली, तरच तो मार्ग खुला होईल. ग्रामसभेच्या कामकाजात रस्ते आणि कचरा यांच्या जोडीने हा विषय क्वचितच दिसतो.

चार खाती, एक बाटली

दुसरी अडचण जबाबदारीची. परवाना देते अबकारी खाते. किनाऱ्याचा कारभार पाहते पर्यटन खाते. दंगा झाला तर येतात पोलीस. फुटलेली बाटली उचलण्याचे काम शेवटी पंचायतीच्या किंवा ठेकेदाराच्या सफाई कामगाराच्या वाट्याला येते. परवाना शुल्क आणि दंडाचा महसूल वरच्या पातळीवर जमा होतो, त्रास आणि खर्च मात्र तळाच्या पातळीवर राहतो. ज्या यंत्रणेला झळ बसते तिला अधिकार नाही आणि जिला अधिकार आहे तिचे मनुष्यबळ अपुरे, अशा रचनेत अंमलबजावणी मोहिमेपुरती उरते. डिसेंबरमध्ये धडक कारवाई, जानेवारीत बातम्या आणि फेब्रुवारीपासून पूर्ववत, हे चक्र नवे नाही.

येथे आणखी एक गोष्ट वेगळी केली पाहिजे. उघड्यावर पिणे आणि पिऊन गोंधळ घालणे हे दोन निराळे अपराध आहेत. दुसऱ्यासाठी देशभर लागू असलेला कायदा पूर्वीपासून आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ५१० नुसार त्यासाठी २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा अवघा १० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ ने दंडाची मर्यादा १ हजारांवर नेली आणि समाजसेवेच्या शिक्षेचाही पर्याय दिला. किनाऱ्यावर धिंगाणा घालणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तोच किनारा झाडायला लावता येईल, अशी ही तरतूद आहे. १ लाखाच्या दंडापेक्षा ती अधिक परिणामकारक ठरू शकते. कारण ती भरपूर पैसे असलेल्यालाही सारखीच लागू पडते.

बाहेरचे दोन अनुभव

याबाबत इतर राज्यांचे अनुभव उद्बोधक आहेत. मध्य प्रदेशात मद्याच्या दुकानांना लागून बसून पिण्याची जागा असे. तिला ‘अहाता’ म्हणत. १ एप्रिल २०२३ पासून नव्या अबकारी धोरणाने हे अहाते बंद झाले, दुकाने मात्र चालू राहिली. अहात्यांच्या आसपासच्या वस्तीला, विशेषतः महिलांना होणारा त्रास हे त्यामागचे कारण खरेच होते. पण घरी नेण्याची सोय नसलेल्या गिऱ्हाइकाने विकत घेतलेली बाटली कोठे उघडायची, याचे उत्तर त्या धोरणात नव्हते. विक्रीला परवानगी आणि बसण्याला मनाई असली, की रस्त्याची कड हीच बैठक होते. गोव्यातही किनाऱ्याच्या तोंडाशी असलेली किरकोळ दुकाने थंडगार बाटल्या विकतात. तेथे बसून पिण्याचा परवाना त्यांना नसतो. ती बाटली हॉटेलच्या खोलीपर्यंत न उघडता जाईल, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. शॅकमधील दर न परवडणारा पर्यटक आणि भाड्याच्या खोलीत पाच-सहा जणांसोबत राहणारा मजूर हेच मग दंडाच्या जाळ्यात अधिक सापडतात.

दुसरा अनुभव तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्याचा आहे. जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींसह वन्यप्राणी जखमी होत असल्याचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. त्यानंतर २०२२ पासून तेथील सरकारी मद्यदुकानांनी प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली परत केल्यावर ते परत देण्यास सुरुवात केली. बाटल्या मोठ्या प्रमाणात परत येऊ लागल्या आणि ही पद्धत इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. तेथे पिणाऱ्याचे मन वळवावे लागले नाही. रिकाम्या बाटलीला मोल आले आणि एकाने टाकलेली बाटली उचलायला दुसरा पुढे झाला. गोवा सरकारनेही २०२४ मध्ये काचेसह विविध वेष्टनांसाठी ठेव परतावा योजना अधिसूचित केली आहे. मद्यव्यावसायिकांच्या अडचणी समजून घेऊन ती निदान किनारपट्टीतील मद्याच्या बाटल्यांपासून नेटाने राबवणे हे दंडवाढीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

कारण अखेर प्रश्न वाळूतील काचेचा आहे. आजही काही किनाऱ्यांवर रापणकार अनवाणी पायांनी वाळू तुडवत जाळे ओढतात. सफाई कामगार पहाटे वाळू विंचरतात. जीवरक्षक बुडणाऱ्याकडे धाव घेताना पायाखाली पाहू शकत नाही. मद्यपान हा वैयक्तिक निवडीचा विषय आहे, हा युक्तिवाद यांच्या पायांपाशी येऊन थांबतो.

त्यामुळे येत्या हंगामाआधी सरकारने आणखी एका दुरुस्तीचा विचार करण्याऐवजी असलेल्या कायद्यांची चार कामे पूर्ण करावीत. निषिद्ध क्षेत्रांची गावनिहाय यादी आणि नकाशा प्रसिद्ध व्हावा. त्या प्रत्येक जागी मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत फलक लागावा. दंड वसूल करण्याचा अधिकार कोणाचा, हे एकाच खात्यावर निश्चित करून प्रत्येक दंडाची पावती द्यावी आणि त्या रकमेतील वाटा संबंधित पंचायतीला मिळावा. दर महिन्याला कोठे किती दंड झाला, याचे आकडे जाहीर व्हावेत. हे आकडे लोकांसमोर आले, तरच दंड अपुरा होता की दंड करणारा जागेवर नव्हता, हे विधानसभेला पुढच्या वेळी ठरवता येईल.