तेल ओढ्यात उतरलं, तर पहिला फोन कुणाला?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, ठाणे

महोदय,

समुद्रात तेल सांडलं की धावायचं कुणी, हे १९९६ च्या राष्ट्रीय आराखड्यात ठरलेलं आहे: तटरक्षक दलाने. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं धडकली, तेव्हा हे दल कामाला लागलं. आमच्या कसारा घाटात टँकर उलटला तर? पोलीस वाहतूक मोकळी करतील. पण रस्त्यावरच्या तेलावर पाणी मारलं, तर ते उताराने ओढ्यातच जाणार. ओढा कुणाच्या ताब्यात?

हा प्रश्न एकट्या आमच्या शहापूर तालुक्याचा नाही. मुंबईच्या सात तलावांतला जवळजवळ निम्मा साठा भातसा धरणाचा. धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच, मुंबईसाठी पाणी उचलतात त्या पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं. महामार्गाकडेच्या गॅरेजमागे चरात ओतलेलं जळकं ऑइल पहिल्या पावसात याच वाटेला लागतं.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम ३१ सांगतं की, कारखान्यातून अपघाताने विषारी पाणी सुटलं तर कारखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवावं. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीलाही ते लागू आहे. पण मंडळाचा माणूस येईपर्यंत तिथली काळू नदी थांबत नाही. पहिले काही तास गावाचेच असतात.

तेल अडवण्याचं निम्मं काम गावाला येतं. पावसाळा सरला की आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून वनराई बंधारे घालतो. तशाच बांधात पाइप तिरका बसवायचा: वरच्या अंगाचं तोंड पाण्यात खोल, खालच्या अंगाचं उंच. पाणी तळातून निघून जातं, तवंग बांधाशी अडतो, भुसा टाकून टिपता येतो. पेट्रोल किंवा रसायन असेल तर मात्र जवळ फिरकायचं नाही. ते ओळखायला आम्हाला शिकवा.

म्हणून चार मागण्या. प्रत्येक पुलावर एकच फोन नंबर मराठीत लावा. नदीकाठच्या ग्रामपंचायतींना मे महिन्यातच गोण्या, पाइप, भुसा आणि हातमोजे द्या, एकदा सराव घ्या. सांडल्याचा खर्च सांडणाऱ्याकडून वसूल करा. आणि जळकं ऑइल कुणाला विकलं, याची पावती गॅरेजवाल्याकडे मागण्याचं काम ग्रामपंचायतीवर लेखी सोपवा. गावातल्या माणसाला दुखवायला नको म्हणून आमचे सरपंच आपणहून ते करणार नाहीत.

गोण्या भरायला माणसं आम्ही देऊ. त्या कुणाच्या हुकमाने भरायच्या, एवढं या पावसाआधी ठरवा.

आपला,
भातसाकाठचा एक शेतकरी,
ता. शहापूर